नऊ माणसांच्या गावाचा वकील

जोयडा तालुक्यात रशियातल्या खेड्यापाड्यांचा सर्वांत मोठा जाणकार कोण, हा प्रश्न आजवर कुणी कुणाला विचारलेला नाही आणि पुढेही कुणी विचारणार नाही. तरी मी उत्तर ठणकावून सांगते : माझ्या आईचा मामेभाऊ. त्याच्याइतकी माहिती खुद्द रशियात तरी कुणाला असेल की नाही, मला शंका आहे. तो देश फार मोठा आहे म्हणतात, तिथल्या लोकांना सगळीकडे लक्ष द्यावं लागत असणार. मामाला एकाच गावाकडे लक्ष द्यायचं असतं. त्या गावात नऊ माणसं राहतात. त्या नऊ जणांपैकी कुणाचा गुडघा धरलाय, कुणाच्या शेळीने कुणाचा कोबी खाल्ला, कुठल्या घराचं धुराडं यंदा साफ व्हायचं राहिलंय, हे सगळं त्याला तोंडपाठ आहे. आणि हा माणूस आयुष्यात एका अंगाला लोंढ्याच्या आणि दुसऱ्या अंगाला मडगावच्या पलीकडे गेलेला नाही. दांडेलीला एकदा गेला होता, दाढ काढायला. तिथे डॉक्टरने तोंड उघडायला सांगितलं, तेव्हा उघडलेल्या तोंडाने त्याने आधी डॉक्टरला सांगितलं की त्या गावापासून दातांचा दवाखाना एकोणपन्नास किलोमीटरवर आहे.

मामा राहतो तिला आम्ही वरची वाडी म्हणतो. कॅसलरॉकच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडला की दोन तास चढायचं, दोन ओढे ओलांडायचे, मग रानातून एकदम भाताची खाचरं दिसतात आणि त्यांच्या कडेला अकरा घरं. अकरांपैकी सहा घरांत चूल पेटते. बाकीच्यांच्या चुली गोव्यात पेटतात. कुणी हॉटेलात आहे, कुणी बांधकामावर. वाडीला रस्ता नाही, दिवे सूर्यावर चालतात, म्हणजे पावसाळ्यात चालत नाहीत. मी रामनगरला राहते आणि पत्रकं काढते. रस्ता, पाणी, वनहक्क, मास्तर नसलेली शाळा, जे दिसेल त्यावर काढते. माझ्या पत्रकांना लोक ‘पोरीचे कागद’ म्हणतात आणि त्यांत भजी बांधतात, त्याचाही मी एका पत्रकात निषेध केला आहे. पण आज विषय मामाचा आहे. आणि एक स्पष्ट करते : त्या देशाच्या राज्यकर्त्यांबद्दल मला जे म्हणायचं ते मी दुसऱ्या कागदावर म्हणेन. इथे विषय फक्त नऊ माणसांचा आहे.

हे गाव मामाच्या गळ्यात पडलं ते एका मुरगळलेल्या पायामुळे. काही वर्षांपूर्वी गोव्याहून रान बघायला आलेली एक रशियन मुलगी आपल्या टोळीपासून चुकली आणि मामाच्या खाचराच्या बांधावर पाय धरून बसलेली सापडली. मामाने तिला पाठंगुळीला मारून घरी आणलं. मामीने हळद-चुन्याचा लेप घातला, नाचणीचं आंबील पाजलं आणि सहा दिवस हलू दिलं नाही. वाडीत फोनला रेंज नाही, त्यामुळे सहा दिवस सगळं बोलणं हातांनी चाललं. मामी अजून सांगते, “लई गुणाची पोरगी. काय बोलायची ते कळायचं न्हाई, म्हनून भांडान झालं न्हाई.” त्या मुलीच्या पाकिटात, आपण देवाचा फोटो ठेवतो तिथे, घडी घातलेला एक छापील कागद होता. तिच्या आजीच्या गावाची माहिती. गावाची माहिती पाकिटात बाळगणारं माणूस मामाने जन्मात पहिल्यांदा पाहिलं आणि तो तिथेच गार झाला.

सातव्या दिवशी तो तिला कॅसलरॉकच्या स्टेशनवर सोडायला गेला. तिथे रेंज आली, मुलीने कागद फोनला वाचून दाखवला, आणि फोन तो मजकूर मराठीत बोलू लागला, बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात. गाडी अडीच तास उशिरा होती. अडीच तासांत मामाने ती बाई अकरा वेळा बोलवली. तेव्हापासून तो मजकूर त्याला आरतीसारखा पाठ आहे आणि तो म्हणतानाही तो त्याच बाईच्या आवाजात म्हणतो, मान किंचित वाकडी करून : “हे गाव एका लहान नदीच्या डाव्या तीरावर वसलेले आहे. गावात दोन रस्ते आहेत. लोकसंख्या नऊ. दुकान नाही, दर गुरुवारी दुकानाची गाडी येते. शाळा बंद आहे. बस आठवड्यातून दोन वेळा.” इथे तो थांबतो. ऐकणाऱ्याकडे बघतो. आणि मग स्वतःच्या आवाजात विचारतो, “किती मानसं म्हनलो मी?” ऐकणारा म्हणतो, नऊ. “आनि बस?” दोनदा. “हां. आता बस गप.”

बारसं असो, बारावं असो, लग्नाची पंगत असो, हा मजकूर म्हणून झाल्याशिवाय मामा उठत नाही. एकदा मतं मागायला एक पुढारी कसाबसा धापा टाकत वाडीत पोचला. त्याने आल्या आल्या गाऱ्हाणं सुरू केलं की एवढ्याशा वाडीला रस्ता कसा द्यायचा, अहो, माणसं किती तुम्ही? मामाने त्याला चटईवर बसवलं, पाणी दिलं, गूळ दिला आणि मान वाकडी केली. पुढाऱ्याला वाटलं, नवस बोलतोय. शेवटी मामा म्हणाला, “सायब, तितं गुडघ्याएवडं बर्फ पडतंय. तरीबी ड्रायव्हर येतोय. आमच्यात बर्फबी न्हाई.” पुढारी खाली उतरल्यावर म्हणाला म्हणे, की हे लोक परदेशातून पढवलेले आहेत.

घराच्या दर्शनी भिंतीवर मामाने पांढऱ्या मातीने त्या गावाचा नकाशा काढला आहे. नदी, दोन रस्ते, विहीर, बसथांबा, घरं. दर दिवाळीला मामी भिंत सारवते तेव्हा नदीपर्यंत येऊन थांबते, कारण पुढे सारवलं तर नऊ माणसं बेघर होतात. पहिलं घर त्या मुलीच्या आजीचं. तिला मामा नुसतं ‘म्हातारी’ म्हणतो, जणू जगात दुसरी म्हातारी नाही. शेवटच्या घरात दोन भाऊ राहतात, त्यांचं एकमेकांशी अकरा वर्षं बोलणं नाही. पण लाकडं फाडायची त्यांची करवत दोन माणसांनी ओढायची आहे, त्यामुळे दर शरदात ते समोरासमोर बसून, एक अक्षर न बोलता, अख्ख्या हिवाळ्याचं सरपण फाडतात. मामाची सगळी जवानी रानात लाकूडकामात गेलेली, तो या भावांवर जीव टाकतो. वाडीतल्या दोन चुलत भावांचं पाटाच्या पाण्यावरून वाजलं, तेव्हा त्याने दोघांना त्या भिंतीपुढे उभं केलं आणि म्हणाला, “बगा. बोलू नकासा. बोला कोन म्हनतंय तुमाला? पन करवत वडा की गा!” दोघांना काहीही कळलं नाही. पण मामापुढून सुटायचं म्हणून त्यांनी संध्याकाळपर्यंत पाट साफ केला, आणि खरंच एक अक्षर बोलले नाहीत.

वाडीच्या वर अर्ध्या तासावर एक कातळ आहे, त्याच्या शेंड्यावर उभं राहिलं की फोनला रेंज येते. दर रविवारी दुपारी जेवण झालं की मामा धुतलेला सदरा घालून तिथे जातो. तिकडून मुलगी आजीचा आवाज पाठवते, इकडून मामा आपला, आणि मधली बातम्यांची बाई दोघांना एकमेकांचं सांगते. गंमत अशी की त्या बाईला ‘न्हाई’ आणि ‘व्हय’ कळत नाही. म्हणून मामा फोनशी शाळेतल्या पुस्तकासारखं बोलतो : “आदरणीय आजी, आपली प्रकृती कशी आहे? कृपया कळवावे.” मामीचा सगळा संताप या एका शब्दावर आहे. “कृपया! तीस वर्सं नांदाय लागली मी ह्येंच्यात. कवा पान्याचा तांब्या मागताना तोंडातनं कृपया आलं न्हाई. आनि तिची कोंबडी मेली तर रातभर उसासे. माजी म्हस आजारी, तवा कुटं हुते? कातळावर!” मामा यावर शांतपणे म्हणतो, “म्हशीला रेंज लागत न्हाई.”

म्हातारी बटाटे पिकवते, मामा कोनां. आमच्या जोयड्याची ही कंदमुळं ज्यांनी पाहिली नाहीत त्यांना सांगते : एकेक कंद मांडीएवढा, केसाळ, वाकडातिकडा, मातीतून निघतो तेव्हा ओरडेल की काय असं वाटतं. मामाने असल्याच एका पंधरा किलोच्या कंदाला कडेवर घेऊन फोटो पाठवला. पुढच्या रविवारी उत्तर आलं : “हे जिवंत आहे का?” मामाने कळवलं, “नाही. उकडून मीठ लावून खातात.” त्यावर दोन आठवडे तिकडून शब्द नाही. मग एका गोव्याला येणाऱ्या ओळखीच्या पाहुण्याच्या हातून एक पुडकं आलं, त्यात म्हातारीने विणलेले लोकरीचे गुडघ्यापर्यंतचे पायमोजे. आमच्याकडे लोकरीचे मोजे! मी हसले. पण पावसाळ्यात जळवा कशा चढतात ते मला रामनगरात बसून काय कळणार? त्या जाड लोकरीतून एकही जळू मामाच्या पायापर्यंत पोचली नाही. त्याने जळवेचा फोटो पाठवला, सविस्तर खुलासा केला, आणि म्हातारीने, जिने आयुष्यात जळू पाहिली नसावी, भराभर आणखी तीन जोड विणून पाठवले. आता रोप लावणीच्या दिवसांत वाडीतली चार माणसं चिखलात वाकलेली असतात आणि त्यांच्या पायांत लाल-निळ्या नक्षीचे रशियन मोजे असतात. बघणाऱ्याने बघत राहावं.

या सगळ्याला मी खुळेपणा म्हणत होते. तोंडावर म्हणत होते. “मामा, आपल्या वाडीची ओळ कुठल्या यादीत नाही. यादीत नाही म्हणून रस्ता नाही. बाळंतीण खुर्चीला बांधून खाली न्यावी लागते. उद्या कुणीही उठेल आणि म्हणेल की तिथे कुणी राहतच नाही, उठा. आणि तू सातासमुद्रापलीकडच्या कोंबड्या मोजतोस!” मामा माझं पत्रक हातात घेऊन लांब धरून वाचायचा. म्हणायचा, “राग बरा लिवतीस, बाय. पन ह्यात वाडी कुटं हाय? मानसं किती, न्हदी कुटल्या अंगाला, शाळा बंद का चालू? तितल्या कागदात बग, निषेध न्हाई, धिक्कार न्हाई. नुसतं हाय ते हाय म्हनून लिवलंय. वाचनाऱ्याला गाव दिसतंय.” मी म्हणायची, तुझा तो कागद दाखवून रस्ता होणार नाही. तो म्हणायचा, तुझा दाखवून तरी कुठं झालाय.

तेवढ्यात खरोखरच संधी आली. रस्त्यांच्या नव्या यादीसाठी वाड्यावस्त्यांची माहिती मागवली गेली. एक पानाचा नमुना : ठिकाण, घरं, लोकसंख्या, पाणी, शाळा, इतर. तो भरून द्यायचा, मग एक साहेब प्रत्यक्ष येऊन बघणार, मग नाव यादीत. दोन वर्षं मी ज्याच्यासाठी घसा फोडत होते ते हेच. मी नमुना घेऊन वर गेले तर मामाने तो माझ्या हातातून काढूनच घेतला. “हे माजं काम. सात वर्सं तालीम केलीया मी ह्येची.” चार दिवस त्याने कुणाला जवळ येऊ दिलं नाही. पाचव्या दिवशी दिला. पहिली ओळ : “वरची वाडी ही एका लहान ओढ्याच्या उजव्या तीरावर वसलेली आहे.” काय सांगू, ती ओळ मी दोनदा वाचली. आपल्या वाडीबद्दल इतकं सरळ वाक्य मी कधी लिहिलेलं नव्हतं. खाली लोकसंख्या एकतीस दिसली. आकडा भरघोस होता, मी खूश झाले, पुढचं न वाचता कागद पाकिटात घातला आणि जोयड्याला नेऊन दिला. दुसऱ्यांच्या कागदातली चूक शोधून त्यावर पत्रक काढणारी मी, आपला कागद मात्र पूर्ण वाचला नाही.

आता इथे वाडीची एक रीत सांगितली पाहिजे. वरच्या वाडीत माणसं बोट करून मोजत नाहीत. मोजलेलं माणूस कमी होतं म्हणतात. वर्षातून एकदा देवराईत देवाचं जेवण असतं. गूळ-खोबऱ्याचा भात करतात आणि माणशी एक असा पानांवर वाटा घालतात. किती पानं लागली तेवढी वाडी. जे बाहेरगावी आहेत त्यांचंही पान मांडतात, फक्त देठ वाटेकडे करून, म्हणजे येताना सापडावं. ज्याने पहिल्यांदा रान फोडून खाचर केलं त्या मूळपुरुषाचं एक पान असतं. आणि शेवटचं पान वाघाचं. ते रानाच्या कडेला ठेवून यायचं. सकाळी ते रिकामं असतं. कोण खातं याची चौकशी करायची नसते.

साहेब आले. माणूस वाईट नव्हता, सपाटीवरच्या मुलखातला, चढाने आलेला घाम पुसून पुसून त्याचा रुमाल संपला होता. मामाच्या ओसरीवर बसून त्यांनी कागद काढला आणि मोठ्याने वाचला. “लोकसंख्या एकतीस. पैकी हजर चौदा, गोव्यात पंधरा, मूळपुरुष एक.” साहेब थांबले. चष्मा पुसला. “वाघ एक.”

वाडी समाधानाने मान डोलवत होती. बरोबर होतं की सगळं! साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, “ताई, हे तुम्हीच दिलंत ना? आता मी काय करू? तुमच्याच लोकांनी लिहून दिलंय की इथे वाघ राहतो. वरचे लोक म्हणतील, वाघ राहतो तिथे रस्ता कशाला? आणि मग माणसं तरी कशाला?”

मी मामाला ओढत चुलीपाशी नेलं. “वाघ लिहिलास?”

“न्हाई कसा लिवायचा? त्येचा वाटा हाय.”

“वाटा देवराईत! सरकारी कागदात नाही! जा, खोड तो. एक शब्द आहे, मामा. नाहीतर रस्ता गेला, वाडी गेली, सगळं गेलं.”

मामाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी फोनवर कोंबडी मेल्याचं सांगतेय. “तूच म्हनतीस की गे, खरं हाय तेच छापायचं. आनि आता वाघाचं पान काढ म्हनतीस? आज वाघाचं काढलं की उद्या गोव्यातल्यांचं काढतील. मग पोरगी लगीन करून गेली, तिचं. असं करत करत तितं नऊ ऱ्हायले, बाय.”

“अवो, तिला का वरडालायसा?” मामी फुंकणी आपटत म्हणाली. “खोडायचंच असंल तर आपली म्हस लिवली न्हाई ती आदी लिवा!”

बाहेर येऊन मामा साहेबांपुढे मांडी घालून बसला. “सायब, वाघ खोडायचा असंल तर मलाबी खोडा. आमी दोघं एकाच पंगतीचं.” साहेबांनी मग सरकारी मार्ग काढला. म्हणाले, राहू दे, मला हजर माणसं दाखवा, मी मोजतो. आणि बोट वर केलं. अख्खी वाडी एका दमात ओरडली, “बोट न्हाई!” साहेबांचं बोट तसंच हवेत राहिलं. मग त्यांना रीत समजावण्यात आली. सगळ्यांनी एकेक सागाचं पान आणून ओसरीवर मांडलं. साहेबांनी पानं मोजली. पंधरा. पुन्हा मोजली. पंधरा. “तुम्ही तर चौदा लिहिलंय.” मामा म्हणाला, “एक तुमचं हाय की. आल्याल्या मानसाला पान न्हाई म्हंजे काय?”

 साहेबांनी विचारलं, ही अशी माहिती लिहायला तुम्हाला शिकवलं कुणी? यायचं ते आलंच : मामाने मान वाकडी केली. “हे गाव एका लहान नदीच्या डाव्या तीरावर...” साहेबांनी पूर्ण ऐकून घेतलं. बसच्या ओळीलाही ते हसले नाहीत. उठताना म्हणाले, माझं गावही आता म्हाताऱ्यांचंच उरलंय, आणि कागद न खोडता पिशवीत घालून खाली उतरले.

चार महिन्यांनी यादी आली. मी जोयड्याहून धावत, खरंच धावत, वर गेले. “मामा, नाव आलं! वरची वाडी! लोकसंख्या चौदा!” मी पेढे नेले होते. मामाने पेढा हातात धरला आणि विचारलं, “चौदा? बाकीची सतरा कुटं ग्येली?” मी सांगितलं, अरे, नाव आलं, रस्ता होईल, आता कुणी उठा म्हणणार नाही. त्याने पेढा देवापुढे ठेवला. संध्याकाळी म्हणाला, “त्या सायबांनी त्येंचं पानबी काढलं की गे. बरं मानूस हुतं.” आता तो सतरा माणसांसाठी अर्ज करणार आहे. मजकूर तयार आहे. वाघ पहिल्या ओळीत आहे.

गेल्या महिन्यात मी वर गेले तेव्हा रविवार होता, म्हणून थेट कातळावरच गेले. मामा धुतलेल्या सदऱ्यात बसला होता, पण फोनशी बोलत नव्हता. मुलीचा निरोप आला होता. म्हातारीला आता एकटीला हिवाळा झेपत नाही, तिला शहरात आणलंय, तिसऱ्या मजल्यावर. घराला कुलूप लावलंय. कोंबड्या त्या दोन भावांना दिल्या. त्यासाठी त्यांना एकमेकांशी दोन वाक्यं बोलावी लागली. आणि शेवटी तिने लिहिलं होतं की गावाच्या माहितीत आता नऊचे आठ करतील.

मामा म्हणाला, “तुला अर्ज लिवायला येतोय न्हवं? मग लिव. त्या गावच्या पंचायतीला.”

मी एरवी पन्नास प्रश्न विचारले असते. कुठली पंचायत, कुठला पत्ता, कोण वाचणार. मी वही काढली.

“लिव. म्हातारी ग्येल्याली न्हाई. भायेरगावी हाय. तिचं पान कमी करू नये.” मग त्याला आठवलं आणि त्याने आवाज बदलला, मान वाकडी केली. “कृपया.”

मी लिहिलं. म्हटलं, मामा, ती परत कधी येणार, ते विचारतील. कारण दाखवावं लागतं, तारीख लागते.

खाली वाडीत कुणीतरी भात झोडपत होतं, त्याचा आवाज वर येत होता.

“लिव,” मामा म्हणाला, “थंडी सरली की येतीया.”

पुराव्याशिवाय मी आजवर एक ओळ छापलेली नाही. ही ओळ मी माझ्या सर्वांत सुबक अक्षरात लिहिली, खाली मामाची सही घेतली, आणि मग साक्षीदार म्हणून माझी केली.